गालिचा कुठाय हो?

श्रावणातले उपास, मंगळागौरी, मग गौरी-गणपती, पाहुणेरावळे, नैवेद्य, आरत्या हे सगळं एकदाचं आटोपतं. नवरात्राची झाडलोट अजून सुरू व्हायची असते. मधल्या पितृपंधरवड्यात घरात शुभकार्य नसतं, मोठी खरेदी नसते. खीर-वड्यांचा एक दिवस सोडला तर बाईला वर्षातून क्वचित मिळणारी उसंत याच दिवसांत मिळते. आणि नेमकं याच सुमारास साताऱ्याजवळचं कासचं पठार फुलतं. त्यामुळे महिला मंडळं, भिशीचे ग्रुप, बचत गट, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, सोसायटीतल्या शेजारणी या सगळ्यांच्या तोंडी सप्टेंबर उजाडला की एकच प्रश्न असतो, "यंदा कासला जायचं का?"

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायला लागतात. डोंगरापर्यंत पसरलेली जांभळी, पिवळी, गुलाबी फुलं, वर निळं आभाळ, मध्ये एकही माणूस नाही. खाली ओळ असते, 'आपल्या महाराष्ट्रातला स्वर्ग'. हल्ली तर त्यातले काही फोटो काढलेलेसुद्धा नसतात, संगणकाने रचलेले असतात. पण पाहणारीला ते कसं कळणार? ती पैसे भरते, पहाटे चारला उठून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधते, नवी ओढणी काढते आणि निघते. संध्याकाळी परतते तेव्हा पाय सुजलेले, डोकं दुखतंय आणि तोंडी एकच वाक्य असतं, "फोटोत दाखवतात तसं काहीच नव्हतं गं!"

पठारावर गेलात तर हा सूर कानावर पडतोच. आत शिरून दहा पावलं चालल्यावर कुणीतरी आजूबाजूला बघत विचारतंच, "गालिचा कुठाय हो?" प्रश्न विनोदी वाटतो खरा, पण त्यात आपल्या आजच्या पर्यटनाची सगळी गोष्ट आहे. एका दिवसाच्या सहलीत अपेक्षाभंग होतो म्हणजे नक्की काय होतं? कुणामुळे होतं? आणि त्याचा राग आपण कुणावर काढतो? हा केवळ मौजमजेचा विषय नाही, मैत्रिणींनो. अशा अपेक्षाभंगातून माणसं दगावली आहेत. त्याकडे मी येणारच आहे. आधी कासबद्दल बोलू.

कास हे साताऱ्यापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचं जांभ्या खडकाचं पठार. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. कासवर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. हा वारसा मिळाला आणि वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर कासचं नाव गाजू लागलं. तोवर साताऱ्याच्या लोकांना कास माहीत होतं ते मुख्यतः कासच्या तलावामुळे. शहराच्या काही भागाला पिण्याचं पाणी तिथून येतं.

आता त्या फोटोतल्या गालिच्याचं रहस्य. कासवरची बहुतेक फुलं फार छोटी असतात. 'सीतेची आसवं' हे इतकं सुंदर नाव असलेलं निळं-जांभळं फूल नखाएवढं, रोप जेमतेम वीतभर. गेंद म्हणजे पांढरी बटणंच. तेरडा, सोनकी त्या मानाने उंच, पण तीही आपल्या गुडघ्याच्या खालीच. फोटो काढणारा काय करतो? तो पोटावर झोपतो. कॅमेरा जमिनीलगत ठेवतो. त्या उंचीवरून पाहिलं की पुढची-मागची फुलं एकमेकांत मिसळतात, मधली माती, मधला खडक दिसेनासा होतो आणि गालिचा तयार होतो. आपण उभ्याने पाहतो, तेव्हा फुलाफुलांमधलं गवतही दिसतं, दगडही दिसतात आणि चिखलही. म्हणजे फोटो खोटा नसतो आणि आपले डोळेही खोटे नसतात. फरक आहे तो कुठून पाहायचं याचा.

दुसरी गोष्ट वेळेची. कासचा हंगाम ढोबळमानाने ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. पण या पाच-सहा आठवड्यांत पठार एकसारखं नसतं. कधी गुलाबी तेरड्याचा बहर, कधी सोनकीचा पिवळा, कधी सीतेच्या आसवांचा निळा. दर आठ-पंधरा दिवसांनी रंग बदलतात, आणि तेही पाऊस म्हणेल तसे. पाऊस लांबला की बहर लांबतो. ऊन पडलं नाही तर काही फुलं नीट उमलत नाहीत. काही फुलं दिवसातले मोजकेच तास उघडी असतात. टोपली कारवीसारखी झुडपं तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलतात. बाकीची वर्षं नुसतीच हिरवी. आणि धुकं? ते आलं की पाच मिनिटांत समोरची मैत्रीणसुद्धा दिसत नाही, फुलं दूरच राहिली.

हे सगळं असं का आहे, तेही समजून घेण्यासारखं आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात तिथे पाणी साचून राहतं, पावसाळा सरला की सगळं कोरडं ठाक. अशा मातीत पोषण फार नसतं. म्हणून तर सीतेच्या आसवांसारखी झाडं किडे खाऊन आपली भूक भागवतात. तिच्या मुळाशी, ओलसर मातीत बारीकशा पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव अडकतात. दवबिंदू नावाची वनस्पती आपल्या चिकट पानांवर किडे पकडते. या चिमुकल्या झाडांना उगवून, फुलून, बी धरून संपायला काही आठवडेच मिळतात. त्या आठवड्यांत कुणाचा पाय पडला तर बी धरत नाही, आणि बी नाही तर पुढच्या वर्षी त्या जागी फूलही नाही. अगदी साधा हिशोब आहे.

गेल्या सप्टेंबरात आमच्या भागातल्या बचत गटाच्या बावीस जणी पुण्याहून कासला गेलो होतो. सहल एका टूरवाल्यामार्फत. त्याच्या छापील कागदावर तोच तो गालिचा आणि खाली तीन आश्वासनं होती: प्रवेशाच्या पासचं आरक्षण, वाटेत स्वच्छ स्वच्छतागृहाची सोय आणि पठारावर तीन तास. गटाच्या बायकांनी सहा महिने पन्नास-पन्नास रुपये बाजूला टाकून पैसे जमवले होते. त्यातल्या चार जणी धुण्याभांड्याची कामं करतात, त्यांनी दिवसाचा खाडा धरून ही सहल केली होती.

पहाटे पाचला निघालो. रविवार. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांग, खंबाटकी घाटात रांग, यवतेश्वरच्या घाटात तर गाड्यांची माळच. वाहनतळावर पोचायला साडेबारा वाजले. तिथे कळलं की टूरवाल्याने आरक्षण केलेलंच नव्हतं. "रविवार आहे ना मॅडम, होऊन जाईल," एवढंच तो म्हणाला. होईपर्यंत दीड वाजला. वाटेतल्या ज्या हॉटेलात त्याने बस थांबवली होती, तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली मागितली तर "पाणी नाही" असं उत्तर. साहजिकच अर्ध्याअधिक जणींनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आणि पठारावर आम्हाला मिळाली जेमतेम पन्नास मिनिटं, त्यातली वीस धुक्यात.

परतीच्या वाटेवर बसमध्ये सगळ्याजणी वैतागलेल्या. आणि मला फार गंमत वाटली ती कशाची, तर तो सगळा वैताग होता फुलांवर! "कसली मेली ती फुलं, नखाएवढी!" "यापेक्षा आमच्या गावच्या बांधावर जास्त फुलतात." "धुक्याने घात केला." टूरवाल्याबद्दल मात्र "जाऊ दे गं, तो तरी काय करणार, गर्दीच केवढी." मी त्याला विचारलंच, तेव्हा तो हसून म्हणाला, "मॅडम, फुलं काय माझ्या हातात आहेत?"

अगदी खरं बोलला. फुलं त्याच्या हातात नव्हतीच. धुकंही नव्हतं. पण आरक्षण त्याच्या हातात होतं. पाचऐवजी चारला निघणं, रविवारऐवजी मंगळवार धरणं, पाणी असलेलं स्वच्छतागृह असलेल्या ठिकाणी बस थांबवणं, हे सगळं त्याच्या हातात होतं. मला वाटतं, या सगळ्या प्रकाराची गुरुकिल्ली इथेच आहे. सहलीतला अपेक्षाभंग दोन प्रकारचा असतो. एक निसर्गाच्या हातातला आणि दुसरा माणसाच्या हातातला. पहिल्याबद्दल कुणाकडे दाद मागता येत नाही, आणि मागूही नये. दुसऱ्याबद्दल दाद मागायलाच हवी. आपण करतो नेमकं उलटं. निसर्गावर रागावतो आणि माणसांना माफ करतो.

बरं, निसर्गावरचा हा राग नुसता तोंडी राहत नाही. फोटोतलं दृश्य दिसेना, की माणूस एक पाऊल पुढे टाकतो. बांधलेली दोरी ओलांडतो. "तिकडे जास्त दिसतायत बघ," म्हणून वाटेच्या पलीकडे जातो. फुलांत बसतो, मुलाला फुलांत बसवतो, फोटो काढतो. तो फोटो पुन्हा कुणाच्या तरी फोनवर जातो आणि आणखी दहा जणांची अपेक्षा वाढवतो. कासवर या एका पावलाची किंमत फुलं भरतात. दुसऱ्या ठिकाणी ती किंमत माणसांना भरावी लागते.

३० जून २०२४ ची गोष्ट आठवत असेल. तोही रविवारच. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचं एक कुटुंब उभं होतं. पाण्याचा लोंढा वाढला आणि त्यातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत एक बाई होती आणि लहान मुलं होती. एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या माणसांचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. त्यानंतर घराघरांत जी चर्चा झाली तिचा सूर मला आजही बोचतो. "एवढं कळत नाही का लोकांना?" "मुलांना घेऊन कशाला जायचं तिथे?" बाईला तर दोन शब्द जास्तच ऐकवले गेले.

पण विचार करा. घाटातल्या धबधब्याचं पाणी आपण उभे असतो तिथे पडलेल्या पावसाचं नसतं, वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं असतं. खाली रिमझिम आणि वर ढगांचा कडकडाट असू शकतो. घोट्याएवढं पाणी बघता बघता कमरेला येतं. खालचा कातळ शेवाळलेला, पाय रोवायला जागा नाही. हे स्थानिक माणसाला माहीत असतं. पुण्यातून दोन तासांसाठी आलेल्या बाईला ते कुणी सांगायचं? तिने पाहिलेल्या प्रत्येक फोटोत त्याच पाण्यात हसणारी माणसं होती. पाणी वाढणं निसर्गाच्या हातात. पण त्या जागी शिट्टी घेऊन माणूस उभा करणं, वर पाऊस वाढला की भोंगा वाजवणं, धोक्याच्या जागी जाऊच न देणं, हे सगळं आपल्या व्यवस्थेच्या हातात असतं.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ ला, पुन्हा रविवारीच, तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. तिथे तर निसर्गाला दोष द्यायला काही जागाच नव्हती. पूल जुना झालेला, धोक्याचा म्हणून ओळखला गेलेला. तिथे रविवारी गर्दी होते, हे सगळ्या मावळाला ठाऊक होतं. तरीही पूल माणसांसाठी उघडा होता.

अशा दुर्घटना झाल्या की सरकारी उत्तर ठरलेलं असतं, बंदी. भुशीच्या घटनेनंतरही जुलैअखेरपर्यंत पुणे जिल्ह्यातल्या अनेक ठिकाणी निर्बंध घातले गेले. तातडीचा उपाय म्हणून ते समजू शकतं. पण बंदी म्हणजे व्यवस्था नव्हे. बंदी उठली की सगळं मागच्या पानावरून पुढे सुरू. आणि बंदीचा फटका कुणाला? धरणाच्या वाटेवर भाजलेली कणसं, कांदाभजी, चहा विकणाऱ्या बायकांना. त्यांची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांतच व्हायची असते. पर्यटक घरी बसला तर त्याचा एक रविवार जातो. तिची चूल अडते.

या बायकांचा विचार आपण सहलीला जाताना सहसा करत नाही. आपल्या लेखी ते 'स्पॉट' असतं, त्यांच्या लेखी ते गाव असतं. कासचंच घ्या. पठार आसपासच्या गावांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं चराऊ रान. गुरं तिथेच चरायची. पर्यटक वाढले, फुलं वाचवायची म्हणून पठाराला कुंपण झालं, चराई थांबली. हेतू चांगलाच होता. पण काही वर्षांनी अभ्यासकांच्या आणि गावकऱ्यांच्या लक्षात आलं की गुरांनी गवत खाल्लं नाही तर ते माजतं आणि खालच्या चिमुकल्या फुलांना ऊनच मिळत नाही. गुरं ही फुलांची वैरी नव्हती, एका परीने राखणदारच होती. मग त्यावर बरीच चर्चा झाली आणि कुंपण हटवण्याचाही निर्णय झाला. गावातल्या जुन्या बाईला कुणी आधी विचारलं असतं तर तिने कदाचित हे सांगितलंही असतं.

आज कासचं व्यवस्थापन वन विभागाच्या बरोबरीने आसपासच्या गावांच्या संयुक्त समित्या पाहतात. हंगामात गावातल्या मुलामुलींना, बायकांना तिथे काम मिळतं: वाट दाखवण्याचं, राखणीचं, प्लॅस्टिक वेचण्याचं. दिवसाला सुमारे तीन हजार पर्यटक आणि ऑनलाइन आरक्षण अशी पद्धत तिथे आणली गेली आहे. ही चांगली गोष्ट आहे. प्रवेशाचे पैसे जास्त वाटतात म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की सिनेमाला गेलो तर तिकिटापेक्षा लाह्यांनाच आपण जास्त पैसे देतो. इथे निदान ते पैसे गावात राहतात.

आमच्याबरोबर एक साठीच्या आजी होत्या, गुडघ्यांनी बेजार. त्या वाटेकडेला टेकल्या होत्या. राखणीला उभी असलेली गावातली बाई त्यांच्यापाशी आली आणि म्हणाली, "आवो आजी, हुभं ऱ्हाऊन हितलं फूल दिसत न्हाई. वाकून बगावं लागतंय. तुमी बसलाय ते बरं हाय, आता खाली बगा." आजींनी खाली पाहिलं. त्यांच्या पावलांपाशी, हाताएवढ्या जागेत पाच प्रकारची फुलं होती. मग त्या बाईने एकेकाचं नाव सांगितलं. हे मिकी माऊस, म्हणजे आमचा कवला. ही आभाळी, ती सोनकी. त्या दिवशी आमच्या बावीस जणींत खऱ्या अर्थाने कास कुणी पाहिलं असेल तर त्या आजींनी. आणि ते दाखवलं ते टूरवाल्याच्या कागदाने नव्हे, तर त्या बाईच्या दहा मिनिटांनी. माझ्या मते पर्यटन विभागाने नुसते मोठमोठे फलक लावण्यापेक्षा अशा बायकांना वाटाड्या म्हणून नीट प्रशिक्षण द्यावं, मानधन द्यावं आणि प्रत्येक गटाबरोबर एकजण असावीच असा नियम करावा. पर्यटकाची अपेक्षा जमिनीवर आणणारं दुसरं चांगलं साधन नाही.

आता जरा आपल्याकडे वळू. एका दिवसाच्या सहलीकडून आपली अपेक्षा इतकी का फुगते? याचं उत्तर निसर्गात नाही, आपल्या घरात आहे. घरातल्या पुरुषाला चहाच्या टपरीवरची, कट्ट्यावरची, ऑफिसातली मोकळीक रोज थोडी थोडी मिळत असते. बाईच्या वाट्याला ती साठवून वर्षातून एक दिवस येते. त्या एका दिवसात तिला फुलं हवी असतात, पाऊस हवा असतो, गाणी हवी असतात, फोटो हवेत, शिवाय घरी सगळं सुरळीत चाललेलंही हवं असतं. वर्षभराचं ओझं एका दिवसावर टाकलं तर तो दिवस वाकणारच. कुटुंबाबरोबर गेली तर आणखीच वेगळी तऱ्हा. डबे तिनेच बांधायचे, मुलांचे कपडे तिनेच बदलायचे, सासूबाईंच्या गोळ्या तिनेच लक्षात ठेवायच्या. मग सहल ती कसली, स्वयंपाकघरच बसमध्ये घालून नेल्यासारखं!

आणि तरीही आपल्यासारख्या गृहिणींच्या हातात एक मोठी गोष्ट आहे. नोकरदाराला रविवारशिवाय दिवस नाही, म्हणून सगळा महाराष्ट्र रविवारी घाटात अडकतो. वर सांगितलेल्या दोन्ही दुर्घटना रविवारच्या होत्या, हा योगायोग नाही. आपण मंगळवारी जाऊ शकतो. अडचण असते ती डब्याची आणि मुलांच्या शाळेची. तो एक दिवस घरातल्या इतरांनी सांभाळायचा. वर्षातला एक मंगळवार मागून घेणं काही फार झालं नाही. गर्दी नसलेल्या दिवशी वाट मोकळी मिळते, फुलांपाशी वेळ मिळतो, दारू पिऊन हुल्लडबाजी करणारी टोळकीही कमी असतात. बायकांच्या गटाला हा शेवटचा मुद्दा किती महत्त्वाचा वाटतो, हे वेगळं सांगायला नको.

स्वच्छतागृहाचा विषय काढला की अजूनही काहीजणी खाली मान घालतात. घालू नका. २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम स्वयंसेवी संस्थांतल्या बायकांनी उभी केली, ती याच संकोचाला कंटाळून. दिवसभर पाणी न पिता बसमध्ये बसून राहायचं, मग घरी येऊन लघवीच्या जळजळीने आठवडाभर आजारी पडायचं, हा निसर्गाचा कोप नव्हे. एखाद्या ठिकाणाला पर्यटनस्थळ म्हणून मिरवायचं, गाड्या लावायचे पैसे घ्यायचे, तर तिथे पाण्याची सोय असलेली, आतून कडी लागणारी स्वच्छतागृहं पुरेशा संख्येने असलीच पाहिजेत. जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात रस्ते, कमानी, 'सेल्फी पॉइंट' यांना पैसे असतात. या साध्या सोयीला किती ठेवले, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला काय हरकत आहे?

राहिला टूरवाला. त्याच्या बाबतीत आपण हतबल नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतली त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींची दखल घेतो. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. आमच्या गटाने टूरवाल्याला त्याच्याच छापील कागदाची प्रत जोडून साधं पत्र लिहिलं. त्यात फुलांबद्दल एक अक्षर नव्हतं. आरक्षण, स्वच्छतागृह आणि तीन तास एवढंच होतं. पंधरा दिवसांत माणशी दोनशे रुपये परत आले. रक्कम मोठी नाही. पण ज्या चार जणींनी खाडा धरला होता, त्यांना आपल्या तक्रारीला कुणीतरी उत्तर दिलं याचंच जास्त अप्रूप वाटलं.

सरकारकडून आणि स्थानिक समित्यांकडून अपेक्षा कराव्यात अशाही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. हंगामात दर दोन-तीन दिवसांनी 'आज पठारावर काय फुललं आहे' याची साधी माहिती आणि उभ्याने काढलेला, त्याच दिवसाचा फोटो मिळाला, तर निम्मा अपेक्षाभंग घरीच संपेल. ज्यांना फक्त गालिचाच हवा आहे ते येणारच नाहीत, आणि फुलांचंही भलं होईल. धबधब्यांवर, धरणांवर पावसाळ्यापुरते का होईना स्थानिक तरुण-तरुणी जीवरक्षक म्हणून नेमावेत. वरच्या पावसाचा इशारा खालच्यांना पोचेल अशी सोय करावी. धोक्याचा पूल, धोक्याची दरड यांवर नुसता फलक लावून मोकळं न होता ती वाट खरोखरच बंद करावी.

आणि आपण? यंदा कुठेही जाण्याआधी टूरवाल्याला पाच प्रश्न विचारूया. पास किंवा परवानगी काढली आहे का, दाखव. निघायची वेळ कोणती आणि तिथे प्रत्यक्ष किती तास मिळणार? बायकांसाठी बस कुठे कुठे थांबणार आणि तिथे पाणी आहे का? पाऊस वाढला, घाट बंद झाला तर पैशांचं काय? आणि बरोबर स्थानिक वाटाड्या असणार की नाही? फुलं किती असतील हे मात्र विचारायचं नाही. ते त्याला ठाऊक नसतं.

उत्तरं लेखी येत नसतील तर आगाऊ पैसे देऊ नका. तो मंगळवार वाया जाईल असं वाटत असेल तर घरच्यांना पिठलं-भाकरी करायला सांगा आणि आपण मैत्रिणींना घेऊन जवळच्या टेकडीवर जा. सोनकी तिथेही असेल. फक्त वाकून बघा.